टॉर्च बंद करा, काकू!

‘‘कासव बघायला एवढ्या लांब जायचं? आपल्या मळ्यातल्या विहिरीत हाये की एक!’’

अंदमानच्या सहलीचा विषय मी घरात काढला, तेव्हा सासूबाईंचं हे पहिलं वाक्य. त्यांचं काही खोटं नव्हतं. आमच्या विहिरीत माझं लग्न व्हायच्या आधीपासून एक कासव आहे. पाणी स्वच्छ ठेवतं म्हणून कुणीतरी आणून सोडलेलं. एप्रिल-मेमध्ये पाणी तळाला गेलं की कपारीत बसलेलं दिसतं. पोरं ‘कासव, कासव’ करत वाकून बघतात आणि मग सगळे त्याला विसरून जातात.

आमच्या ह्यांचा प्रश्न वेगळा होता. ‘‘अंदमान म्हणजे सेल्युलर जेल बघायला ना?’’

‘‘जेल पण बघू. पण ही सहल प्राण्यांची आहे. कासवं, पक्षी, प्रवाळ...’’

‘‘प्राणी बघायला पैसे मोजायचे? रात्रीची लाईट आली की चल माझ्याबरोबर उसाला पाणी द्यायला. बिबट्या फुकटात दाखवतो!’’

मैत्रिणींनो, हा नुसता विनोद नाही बरं का. आमची सणसवाडी पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरची. रस्त्यालगत कारखान्यांच्या शेड आणि कामगारांच्या चाळी, मागे ऊस आणि कांदा. पूर्वी बिबट्या म्हणजे जुन्नरकडची गोष्ट वाटायची. आता शिरूर तालुक्यात उसातच मादी विते आणि ऊसतोडीच्या वेळी टोळीवाल्यांना पिल्लं सापडतात. आमच्या भावकीतलं एक वासरू आणि दोन कुत्री अशीच गेली. त्यामुळे ‘जंगली प्राणी’ म्हटलं की आमच्याकडे आधी काठी आठवते, कॅमेरा नाही.

तरीही आम्ही गेलो. आमच्या महिला मंडळातल्या अकरा जणी, २०२५ च्या फेब्रुवारीत. भिशीचे पैसे तीन वर्षं साठवले होते. सगळ्यात लहान बत्तीस वर्षांची, सगळ्यात मोठ्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, वय सहासष्ट. आमच्यातल्या सात जणींनी त्याआधी विमान फक्त आभाळात पाहिलेलं.

आमची गाईड म्हणजे दापोली तालुक्यातली एक अठ्ठावीस वर्षांची मुलगी. सागरी जीवशास्त्र शिकलेली. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून कासवांच्या घरट्यांचं संरक्षण सुरू केलं, ते काम बघत ती मोठी झाली. निघण्याआधी ती सणसवाडीला आली आणि मंदिराच्या सभामंडपात तिने आमची शाळा घेतली. गडद रंगाचे कपडे घ्या. सेंट, अत्तर नको. शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलायचे नाहीत. टॉर्चला लाल कागद लावा. आमच्यातली एक म्हणाली, ‘‘अगं बाई, ही सहल आहे का एनसीसीचा कॅम्प?’’ सगळ्या हसल्या. मग दुसरीने विचारलं, ‘‘तिथले ते जंगलातले आदिवासी दिसतील का गं?’’ त्यावर ती मुलगी जरा गप्प झाली. म्हणाली, ‘‘त्याबद्दल तिथे गेल्यावर बोलू, काकू.’’

पुण्याहून चेन्नई आणि चेन्नईहून बंगालच्या उपसागरावरून दोन-सव्वादोन तास. खाली नुसतं पाणी. मग एकदम हिरवीगार बेटं दिसायला लागतात आणि ज्याला आपण लहानपणापासून पोर्ट ब्लेअर म्हणत आलो ते गाव येतं. २०२४ मध्ये त्याचं नाव श्री विजयपुरम झालं. हे ठिकाण आपल्यापेक्षा इतकं पूर्वेला आहे की घड्याळ एकच असूनही संध्याकाळी सहाच्या आत अंधार पडतो. पहिल्या दिवशी आम्ही चहा घेऊन गॅलरीत आलो तर रात्र झालेली! सवयीने सगळ्यांच्या तोंडून निघालं, ‘‘अगं, दिवाबत्ती करायची राहिली.’’

सेल्युलर जेलबद्दल मी जास्त लिहीत नाही, कारण त्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलंय. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या त्या तुरुंगातल्या कोठड्या, सावरकरांची कोठडी, कोलूचा घाणा. अकरा बायका एकत्र असून अर्धा तास कुणी बोललं नाही, एवढंच सांगते.

दुसऱ्या दिवशी रॉस बेटावर गेलो. २०१८ मध्ये त्याला नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असं नाव दिलं. इंग्रजांच्या पडक्या बंगल्यांना वडा-पिंपळाच्या मुळांनी घट्ट आवळून धरलंय आणि त्यातून चितळं माणसाळल्यासारखी फिरतात. आमच्या बायका खूश! कुणी हाताने पाला भरवला, कुणी ‘हरणी गं’ म्हणून गोंजारायला गेली. गाईड म्हणाली, ‘‘काकू, दिसायला गोड आहेत, पण ही इथली नाहीत. इंग्रजांनी शिकारीसाठी आणून सोडली. अंदमानात वाघ नाही, बिबट्या नाही. यांना खाणारं कुणी नाही. मग यांची संख्या वाढत गेली आणि जंगलात उगवणारी कोवळी रोपं ही खाऊन टाकतात. जुनं झाड पडलं तर त्याच्या जागी नवं उभं राहायला रोपच शिल्लक राहत नाही.’’

मी आणि माझी जाऊ एकमेकींकडे बघत राहिलो. बिबट्या नसला म्हणजे किती बरं, असं आम्ही दोघींनी शंभर वेळा म्हटलेलं. बिबट्या नसलेलं जंगल कसं आतून पोकळ होत जातं, हे आम्हाला कुणी कधी दाखवलंच नव्हतं. जाऊ एवढंच म्हणाली, ‘‘म्हणजे तो पण कामाचा असतो म्हणायचं. पण तो आपल्या गोठ्यात नसावा.’’

तिसऱ्या दिवशी वंडूरच्या धक्क्यावरून जॉली बॉय बेट. हे १९८३ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथे बोटीत बसण्याआधी प्लास्टिक काढून घेतात. आता बघा, अकरा मराठी बायकांच्या पर्स! चिवड्याची पिशवी, लाडवांची पिशवी, चटणीची पुडी, ओल्या कपड्यांसाठी घेतलेल्या रिकाम्या पिशव्या, त्या पिशव्या ठेवायला आणखी एक पिशवी. धक्क्यावर ढीग लागला. बाईंनी तिथेच मंडळाचा ठराव मांडला की परत गेल्यावर हळदीकुंकवाला प्लास्टिकचं वाण बंद. तो ठराव आम्ही पाळलाय, हे अभिमानाने सांगते.

तळाला काच असलेल्या होडीतून प्रवाळ बघितले. मला आजवर वाटायचं, पोवळं म्हणजे दगड. अंगठीत घालतात तो. ते चक्क प्राणी असतात! बारीक बारीक जीव एकमेकांना चिकटून घरं बांधत राहतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं आणि ते उन्हावर अन्न तयार करून प्रवाळांना देतं. म्हणजे भाडेकरूच घरमालकाला जेवू घालतो. पाणी नेहमीपेक्षा जास्त दिवस गरम राहिलं की ही सोबत मोडते, शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढराफटक पडतो. अंदमानात २०१० आणि २०१६ मध्ये असं मोठ्या प्रमाणावर झालं. काही ठिकाणी जांभळे, हिरवे, बोटांसारखे प्रवाळ दिसले, तर काही ठिकाणी नुसता राखाडी चुरा, घर पडल्यासारखा.

आता त्या दिवसाबद्दल लिहायचं, ज्याबद्दल लिहू की नको असा मी खूप विचार केला.

उत्तरेला दिगलीपूरला गाडीने जायचं तर अंदमान ट्रंक रोडने जावं लागतं आणि तो रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर पहाटेपासून गाड्यांची रांग लागते. पोलीस गाड्या मोजतात आणि ठरलेल्या वेळी सगळा ताफा एकदम सोडतात. मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही. मोठमोठ्या पाट्यांवर सगळं लिहिलेलं.

आदल्या रात्री गाईडने आम्हाला गोल करून बसवलं होतं. जारवा संख्येने फार थोडे आहेत. हजारो वर्षं ते या जंगलात शिकार करून, मध आणि कंद गोळा करून राहिले. १९९७ च्या सुमाराला ते आपणहून बाहेरच्या वस्तीकडे यायला लागले. आपल्याला साधे वाटणारे आजार त्यांना झेपत नाहीत. १९९९ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. त्यांच्या जंगलातला रस्ता बंद करावा असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं, तरी रस्ता चालूच राहिला. आणि २०१२ मध्ये एक व्हिडिओ जगभर गेला, त्यात जारवा मुलींना खाण्याच्या वस्तूंचं आमिष दाखवून पर्यटकांसमोर नाचायला लावलं होतं. ‘‘आपण प्राणी बघायच्या सहलीला आलोय, काकू,’’ ती म्हणाली, ‘‘ती माणसं आहेत. उद्या कुणी दिसलं तर खिडकीकडे धावायचं नाही. एवढंच माझं मागणं आहे.’’

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि दुसऱ्या दिवशी काय झालं सांगते.

तासभर दाट जंगल. गाडीत सगळ्या पेंगुळलेल्या. अचानक पुढच्या गाडीचा वेग कमी झाला आणि रस्त्याच्या कडेला एक तरुण बाई दिसली. कमरेवर मूल. डोक्याला आणि गळ्यात लाल धाग्यांच्या माळा. ती रस्ता ओलांडायला थांबलेली. एवढंच. आपण शिक्रापूरच्या चौकात थांबतो तशी. आमच्या गाडीत एकदम ‘अगं बाई, बघ बघ’ झालं, चार जणी उजव्या खिडकीवर पडल्या. आणि माझा हात? माझा हात पर्समध्ये गेलेला होता. मोबाईल बाहेर आलेला होता. मी, जी गावात बायकांना हक्क आणि सन्मान यावर भाषणं देते, ती!

फोटो मी काढला नाही. म्हणजे काढायला वेळच मिळाला नाही, हे जास्त खरं. पण तिने आमच्या गाडीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कुतूहलही नव्हतं. रोज जाणाऱ्या गाड्यांकडे बघावं तसं कंटाळून पाहिलं आणि मुलाचं तोंड आपल्या खांद्याकडे वळवून घेतलं.

ते तोंड वळवणं मी ओळखलं. आमच्या भागात थंडीत हुरडा पार्ट्या होतात. शहरातून गाड्या येतात, मोराची चिंचोली बघतात, हुरडा खातात. येऊ देत की, चार घरांना पैसे मिळतात. पण एकदा आमच्या मळ्यात आलेल्या एका पाहुणीने चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या सासूबाईंचे न विचारता दहा-बारा फोटो काढले. ‘आजी, पदर घ्या ना नीट, इकडे बघा ना’ असं वर सांगितलं. तो फोटो पुढे कुणाच्या तरी ग्रुपवर फिरत फिरत आमच्याच फोनवर आला, खाली ‘अस्सल गावरान’ असं लिहिलेलं. सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘‘मी काय जत्रंतली बाव्हली हाय का?’’ त्या दिवसापासून हुरड्याला गाडी आली की त्या पाठ करून बसतात.

ते आठवलं आणि मी मोबाईल पर्समध्ये ठेवला. बाराटांगच्या फेरीबोटीवर पोचेपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. बोटीवर बाई म्हणाल्या, ‘‘पोरीने सांगितलं होतं, तरी आपण धावलोच.’’ गाईडने कुणाला टोचून बोलली नाही. तिवरांच्या खाडीतून होडीने चुनखडीच्या गुहेकडे जाताना ती नेहमीसारखी झाडांची नावं सांगत राहिली.

दिगलीपूरजवळ कालीपूरचा किनारा आहे. करडी वाळू, मागे सॅडल पीक. अंदमानातलं सगळ्यात उंच शिखर, ७३२ मीटर. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात हा उत्तरेकडचा भाग वर उचलला गेला आणि काही ठिकाणी प्रवाळ पाण्याबाहेर येऊन मेले, तर दक्षिण टोकाला निकोबारातला इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खाली गेला. एकाच धक्क्याने एक टोक वर, एक टोक खाली. आणि तरी कासवं आपल्या किनाऱ्यावर येत राहिली. कालीपूरला ऑलिव्ह रिडले, हिरवं कासव, हॉक्सबिल आणि सगळ्यात मोठं लेदरबॅक अशा चार जातींची कासवं अंडी घालायला येतात.

रात्री साडेआठला आम्ही वनखात्याच्या माणसाबरोबर किनाऱ्यावर जाऊन बसलो. चंद्र नव्हता. आकाशात एवढे तारे की आमच्या रस्त्यावरच्या दिव्यांनी आमचं काय काय चोरलंय ते कळलं. बोलायचं नाही, हलायचं नाही. एकीने सवयीने टॉर्च लावला तर अंधारातून लगेच आवाज, ‘‘टॉर्च बंद करा, काकू!’’

तास गेला, सव्वा तास गेला. मग लाटेच्या फेसात एक काळा दगड दिसला. दगड हलला. वनखात्याच्या माणसाने हात वर केला, म्हणजे सगळ्यांनी गोठायचं. ती मादी होती. थांबत थांबत, दम खात खात वर यायला लागली.

आणि माझ्या मांडीवर उजेड पडला. मोबाईल! आवाज बंद केला होता, पण पडदा दिव्यासारखा पेटला. ‘ह्यां’चा फोन. मी पदराखाली दाबला, पण व्हायचं ते झालं. मादी थांबली. मान उचलली. मग हळूहळू वळली आणि आली तशी पाण्यात निघून गेली. वाळूवर तिच्या पावलांचा अर्धा गोल तेवढा उरला.

फोन कशासाठी होता माहितेय? ‘‘आईच्या बीपीच्या गोळ्या कुठे ठेवल्यास?’’

मला रडूच आलं. मी म्हटलं, ‘‘माझ्यामुळे गेली गं ती.’’ गाईड म्हणाली, ‘‘काकू, ती आज-उद्या परत येईल. पोटात अंडी आहेत, कुठेतरी घालणारच. पण ज्या किनाऱ्यावर रोज रात्री हॉटेलचे दिवे असतात, तिथे ती कुठे जाणार, याचा विचार करा.’’ मग तिने ग्रेट निकोबारबद्दल सांगितलं. तिथल्या गलाथिया खाडीत लेदरबॅक मोठ्या संख्येने येतात. तिथलं अभयारण्याचं संरक्षण २०२१ मध्ये काढलं गेलं आणि मोठ्या बंदराच्या प्रकल्पाला २०२२ मध्ये पर्यावरणाची मंजुरी मिळाली. बंदर हवं की नको, यावर जाणकार भांडोत. मला मात्र त्या रात्री माझ्या हातभर पडद्याचा उजेड किती मोठा असतो ते कळलं होतं.

दुसऱ्या रात्री मी निघण्याआधीच घरी फोन करून सांगितलं, ‘‘गोळ्या फडताळात, डाव्या हाताला, स्टीलच्या डब्यात. आता मला उद्या सकाळपर्यंत फोन करू नका.’’ आणि मोबाईल खोलीवरच ठेवला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण ‘मला फोन करू नका’ असं मी पहिल्यांदाच म्हटलं असेन!

त्या रात्री ती आली. तीच होती की दुसरी, देव जाणे. या वेळी ती पार वर, कोरड्या वाळूपर्यंत गेली. पुढच्या वल्ह्यांनी वाळू उडवून जागा केली आणि मग मागच्या दोन्ही वल्ह्यांनी, आपण पळीने पीठ काढावं तशी आळीपाळीने वाळू काढत हातभर खोल खड्डा केला. डोळे मागे नाहीत, बघता येत नाही, तरी खड्डा कसा सुरईसारखा गोल! अंडी पडायला लागल्यावर वनखात्याच्या माणसाने आम्हाला मागच्या बाजूने, लाल उजेडात, दोघी-दोघींना पुढे बोलावलं. टेबल टेनिसच्या चेंडूसारखी पांढरी, ओली अंडी. शंभरच्या वर. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अंगातलं जास्तीचं मीठ ती डोळ्यांवाटे टाकते, असं गाईडने कानात सांगितलं. ते शास्त्र मला मान्य आहे. पण माझ्या शेजारी उभ्या असलेल्या, दोन बाळंतपणं सरकारी दवाखान्यात एकटीने काढलेल्या माझ्या जावेने डोळ्यांना पदर लावला, तेही खरं.

मग तिने वाळू लोटून खड्डा बुजवला आणि सगळं अंग डावीकडे-उजवीकडे आपटून वाळू चोपली. अंगण सारवण्याआधी आपण जमीन चोपतो ना, अगदी तशी! आणि मागे वळूनही न बघता समुद्राकडे निघाली. ज्या किनाऱ्याच्या परिसरात जन्म झाला, त्याच भागात मादी अंडी घालायला परत येते म्हणे. माहेरी बाळंतपणाला येऊन, कुणालाही त्रास न देता एका तासात परत जाणारी ही लेक!

वनखात्याच्या माणसाने अंडी उचलून जवळच्या कुंपणातल्या वाळूत पुरली, म्हणजे कुत्री आणि डुकरं खाणार नाहीत. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतील. आणि गंमत म्हणजे पोटात मुलगा की मुलगी हे तिथे वाळू ठरवते. वाळूचं तापमान साधारण तीस अंशांच्या वर गेलं की माद्या जास्त, खाली राहिलं की नर. हे ऐकून बाई म्हणाल्या, ‘‘आपल्याकडे मात्र अजून सुनेलाच बोल लावतात.’’ पण त्यातही काळजी आहे. वाळू तापतच गेली तर माद्याच माद्या होतील आणि नर उरणार नाहीत.

घरी आल्यावर सगळ्यांनी विचारलं, ‘‘फोटो दाखव.’’ जेलचे होते, चितळांचे होते, समुद्रातल्या आम्हा बायकांचे होते. कासवाचा नव्हता. जारवा बाईचा नव्हता. सासूबाईंना मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. मोबाईल बाहेर काढला होता हेही सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘तिनं त्वांड फिरवलं ना? चांगलं केलं.’’

हा लेख खरं तर इथेच संपायला हवा होता. पण त्याच वर्षी, २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आमच्याच शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूतच्या भागात बिबट्याच्या हल्ल्यात महिनाभराच्या आत दोन लहान मुलं आणि एक आजी गेली. लोकांनी रस्ते अडवले. शेवटी एका बिबट्याला गोळी घातली गेली. बायका शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालायला लागल्या. कुत्र्याच्या गळ्यात घालतात तसे! तो फोटो मी पेपरात पाहिला आणि मला अंदमानची ती रात्र आठवली. तिथे आम्ही शिकलो होतो, जनावराला जागा द्या, लांब राहा. इथे घराच्या दारापर्यंत ऊस. लांब राहायचं म्हणजे कुठे राहायचं?

ज्या आईचं लेकरू गेलं तिला मी रॉस बेटावरच्या चितळांची गोष्ट सांगायला जाणार नाही. तेवढी समज मला आहे. पण आमच्या मंडळाच्या बैठकीत जाऊबाईंनीच विषय काढला. दिवस मावळल्यावर पोरं एकटी बाहेर का जातात? कारण वस्तीवरच्या चार घरांना संडास नाहीत. बिबट्या रस्त्यापर्यंत का येतो? कारण कोंबड्यांची घाण उघड्यावर टाकतात, तिच्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे तो येतो. अंगणाला लागून ऊस का? दहा-पंधरा फूट जागा मोकळी सोडता येणार नाही का? आम्ही अर्ज लिहिले, ग्रामपंचायतीत गेलो. दोन संडासांची कामं सुरू झाली, दोन राहिलीत. कोंबडीवाल्यांशी भांडण चालू आहे. आमच्या ह्यांनी उसाच्या चार सऱ्या काढल्या, कुरकुरत का होईना.

सणसवाडीच्या वस्तीवर आम्ही दिवे मागतोय आणि कालीपूरला आम्हाला दिवे बंद करायला सांगत होते. दोन्ही बरोबरच आहे. कुठे लावायचा आणि कुठे विझवायचा, हे कळायला मात्र मला तेराशे किलोमीटरहून जास्त समुद्र ओलांडावा लागला.

परवा नातीने विहिरीत डोकावून कासव दिसल्यावर दगड उचलला. मी काही बोलायच्या आत सासूबाई बाजेवरून ओरडल्या, ‘‘ए, ठेव तो! घर हाये ते तिचं.’’

‘तिचं’ म्हणाल्या. विहिरीतलं कासव नर आहे की मादी, आम्हाला कुणालाच माहीत नाही.